बाल्कनीतली ओहोटी

२०२३ साली मी पंच्याहत्तर वर्षांचा होतो आणि बंगळूरच्या सर्जापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. शेजारी एक पुण्याचा कॉम्प्युटरवाला. त्याने बाल्कनीतल्या टबात तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, झुडूप लावलं होतं. आमच्या खाडीकाठी तिवर चुलीत घालतात. हा त्याला मिठाचं पाणी पाजायचा, वर मोबाइलचा गजर लावून भरती-ओहोटीही करायचा. गजर झाला की चालू मीटिंगमधून “स्वल्प थांबा, ओहोटी आहे” असं अर्धं कानडीत म्हणत उठायचा आणि टबाचं बूच काढायचा. खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर ती ओहोटी रोज टपकायची.

एकदा तिवराच्या पानांवर पांढरं दिसलं. त्याचा चेहरा उतरला.

“काका, बेसिकली हे काय झालंय?”

“भुरी. रोग आहे, मुळापासून काढ.” चौथी शिकलो असलो तरी झाडातलं मला कळतं.

त्याने कात्री आणली, पण हात पुढे होईना. बराच वेळ झुडपाकडे बघत राहिला आणि एकदम वाकून त्याने पान चाटलं.

“मीठ आहे, काका! जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतंय. बेसिकली बरं आहे ते. चाखून बघा.”

“मी काय बकरी आहे?” म्हणून मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीटिंगमध्ये बोलत असताना मी दोन बाल्कन्यांमधल्या कठड्यावरून हात घालून एक पान तोडलं आणि चाटलं. खारट होतं. मान वर केली तर तो काचेआडून माझ्याकडेच बघत होता. बोलता बोलता त्याने हळूच खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली.

मग मी पानाची दुसरी बाजूही चाटली.