गुलतराश

शालिनीला जाऊन महिना झाला. आज तिचं देवघर आवरताना पितळी कात्री उघडली, तर पात्यावरच्या डबीतून वातीची काजळी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. माझ्यादेखत बायको या कात्रीने फक्त फुलं खुडायची. मी कोश काढला. गुल म्हणजे फूल, तसाच वातीचा जळका शेंडाही. चाळीस वर्षं मी पहिल्याच अर्थावर थांबलो होतो.

लग्नानंतरचा पहिला रविवार होता. आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या वस्तूंचा ढीग होता, उन्हात तापलेल्या पितळेचा वास येत होता. म्हातारा दुकानदार ही कात्री पुढे करत म्हणाला, "गुलतराश है, साब."

मी पुण्याहून या निजामी शहरात आलेला, चार महिने फारसी शिकलेला. इथल्याच हिमायतनगरात जन्मलेल्या, उर्दू ऐकत वाढलेल्या शालिनीला मी समजावलं, "गुल म्हणजे फूल. कापलं की अलगद डबीत पडतं."

"मोगरा चेपत नाही का हो?"

"छे! नवाबी कारागिरी आहे."

म्हाताऱ्याने काही सांगायला तोंड उघडलं. शालिनीने पदर ओठांवर धरला आणि त्याला म्हणाली, "नक्को, चाचा. साब बोले सो सहीच है."

विद्वत्तेची एवढी कदर करणारी बायको मिळाली, म्हणून मी घरापर्यंत छाती काढून चाललो.