साधारणकाकांची भिंत

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामंजींना वेळ विचारली. हा माणूस घड्याळजी. पुढच्या खोलीतच दुकान, समोरची भिंत दुरुस्तीला आलेल्या घड्याळांनी भरलेली, आणि स्वतःचं मनगट मात्र उघडं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, भिंतीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "साधारण सव्वादहा." गल्ली त्यांना साधारणकाका का म्हणते, ते मला तेव्हा कळलं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. 'साधारण' हा शब्द कुणी असा सैल सोडला की माझ्या कपाळावर आठ्या चढतात. म्हणून मी उलटतपासणीच सुरू केली. त्यांनी न चिडता सांगितलं की दुरुस्तीला आलेलं कुठलंच घड्याळ खरं बोलत नाही, पण सगळी एकाच बाजूला खोटं बोलत नाहीत. एक पुढे पळतं, एक मागे रेंगाळतं. सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात मागचं सोडायचं, उरलेल्यांतून पुन्हा तसंच, असं करत शेवटी मधलं एक उरतं. ती वेळ.

मला हसू आवरेना. वर्गात फळा भरून जे सांगते, ते हा माणूस चहा पिता पिता करत होता. मी त्यांना म्हटलं, याला मध्यक म्हणतात. तुम्ही सरासरी काढत नाही हे फार बरं, नाहीतर कोपऱ्यातल्या त्या चार वाजता बंद पडलेल्या धुडाने बाकीच्यांना आपल्याकडे ओढून नेलं असतं. मामंजींना हे इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला ते "मध्यकाप्रमाणे पावणेसहा" सांगत सुटले. शब्द माझा होता, पण त्याची मिरवणूक त्यांनी काढली.

सासूबाईंना या मध्यकाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, की या माणसाला वेळ कळते पण निघता येत नाही. अकराला कुठे पोचायचं असलं की मामंजी अकराला चपला शोधायला लागत. हातातलं घड्याळ अर्धवट टाकून उठायचं त्यांच्या जिवावर येई. या सवयीनेच त्यांचा एकदा घात केला होता.

नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं. ते आपल्या हाताने चालू करायचं, एवढी एकच हाव या माणसाने आयुष्यात धरली. मागच्या वेळी बांधकाम खात्याच्या साहेबांनी बोलावलं, तर हे अर्धा तास उशिरा पोचले. साहेबांनी शांतपणे विचारलं की ज्याला स्वतःची वेळ पाळता येत नाही, त्याच्या हाती सगळ्या शहराची वेळ कशी द्यायची. मामंजी हात हलवत घरी परत आले. आता साहेबांनी पुन्हा बोलावलं होतं. अकरा वाजता. या वेळी हुकलं तर काम बाहेरच्या कंपनीला जाणार होतं.

त्या सकाळी मामंजी आंघोळीला गेले आणि सासूबाईंनी मला खुर्ची धरायला लावली. पदर खोचून वर चढल्या आणि भिंतीवरच्या एकूण एक घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं पुढे सरकवला. स्वयंपाकघरातलं स्वतःचं घड्याळही त्यांनी सोडलं नाही. मी खालून वर्गातलाच धडा म्हणत होते, की सगळ्या निरीक्षणांत सारखीच भर घातली की मध्यकही तेवढाच सरकतो. "तुझा मध्यक राहू दे, खुर्ची नीट धर," असं त्या म्हणाल्या. माझं मनगटी घड्याळ त्यांनी आदल्या रात्रीच काढून घेतलं होतं, न जाणो मामंजींची त्यावर नजर पडली तर.

मामंजींनी भांग पाडता पाडता भिंतीकडे पाहिलं आणि पांढरेफटक पडले. मध्यक अकराला पाच कमी सांगत होता. ते एका पायात चप्पल घालून निघालेच, दुसरी त्यांनी फाटकाशी घातली. मी मागून धावत होते. पंधरा मिनिटांच्या त्या वाटेत ते घोकत होते, "गेलं, सूनबाई, या खेपेलाही गेलं." मला खरं सांगावंसं वाटत होतं, पण सांगितलं असतं तर ते तिथेच चहाला थांबले असते.

साहेबांच्या खोलीला कुलूप होतं. मामंजींनी शिपायाला वेळ विचारली. मग टायपिस्ट बाईंना. मग नळाचा अर्ज घेऊन बसलेल्या एका आजोबांना. दहा बत्तीस, दहा अडतीस, दहा पस्तीस. त्यांनी दोन टोकं सोडली, मधली उचलली आणि बाकावर बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळले.

"भिंतीवरच्या सगळ्यांची चूक एकाच बाजूला? हे आपोआप होत नाही, सूनबाई. कुणाचा तरी हात फिरलाय."

मी पंधरा मिनिटं कबूल केली. त्यांनी हिशोब केला आणि उरलेली वीस कुणाची म्हणून विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. ते संध्याकाळी कळलं. आम्ही उठायच्या आधी, पहाटे कामावर जाताना, त्यांच्या लेकानेही, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकेक काटा वीस मिनिटं पुढे ढकलला होता. पण मामंजींना बाकावरच उमगलं असावं, कारण त्यांचे डोळे भरले आणि ते खुदुखुदू हसायला लागले.

साहेब आले ते अकराच्या ठोक्याला. मामंजींना बघून म्हणाले, "आज अगदी वेळेच्या आधी?"

"मी नाही आलो, साहेब. घरच्यांनी आणलं."

साहेब हसले आणि त्यांनी मनोऱ्याची किल्ली पुढे केली.

महिन्याभराने मनोऱ्याने दुपारचे बारा ठोके दिले. आम्ही चौघं खाली चौकात उभे होतो. सासूबाईंचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. फळवाला, शाळेच्या बाई, रिक्षावाले, सगळ्यांनी माना वर केल्या आणि मग आपापली घड्याळं त्यावर लावून घेतली. मला वाटलं, मामंजी आता हवेत तरंगणार. पण ते एकदम गंभीर झाले.

"आता सगळ्यांची घड्याळं माझ्यावर लागली," ते म्हणाले. "मी चुकलो तर सगळे एकाच बाजूला चुकणार. मधलं निवडायला काही उरलंच नाही."

सासूबाईंना वाटलं, हा टोमणा आपल्यालाच आहे. त्या पुटपुटल्या, की आजपासून तुमच्या भिंतीला हात लावणार नाही.

"लाव," मामंजी म्हणाले. "स्वयंपाकघरातलं तुझं तसंच पुढे राहू दे. मी त्यावरच निघेन."