टेंभरे बाईंचा डबा

टेंभरे बाईंच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या आधी ती दोन्ही तळव्यांवर तोलायच्या, मग उलटी करून तिचं बूड बघायच्या आणि शेवटी देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायच्या. मुख्याध्यापकांची भेट असो की बाजारातली वांगी, तपासणीतून कुणाची सुटका नसे. एकोणीसशे नव्याण्णवला मी केशोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले. बाई तिथे भूगोल शिकवत. ओळखदेख नसताना त्यांनी मला त्यांच्याच गल्लीत खोली मिळवून दिली, म्हणून मी त्यांना काचेच्या सहा वाट्यांचा खोका नेऊन दिला. बाईंनी तो उलटा केला. तळाला चिठ्ठी चिकटलेली होती : चि. सौ. कां. मंजू हिस, मामा-मामींकडून.

"मंजू, हे तं तुझ्या मामानं तुले दिलं," बाई म्हणाल्या. "मले काऊन देऊन राहिली?"

मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र खळखळून हसल्या, खोका माझ्याच हातात परत दिला आणि चहा टाकला. चहा पिता पिता म्हणाल्या, "द्याची तं अशी वस्तू द्याव, का दोन दिवस आपल्याले आठवली पाहिजे. घरातली अडचण दुसऱ्याच्या घरी लोटणं, ते देणं नोहोय." हे वाक्य पुढे मी त्यांच्याकडून पन्नासदा तरी ऐकलं असेल. ऐकलं खरं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बाई विधवा होत्या. घरात पोवारी, गल्लीत झाडीबोली, वर्गात पुस्तकातली मराठी आणि गोंदियात गेल्या की दुकानदारांशी हिंदी, अशा चार तोंडांनी त्या बोलायच्या, पण चारही तोंडांनी खरंच बोलायच्या. एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. दोन हजार सहा साली त्याने आईला उपग्रहावरून जागा सांगणारं एक यंत्र पाठवलं, मुठीत मावेल एवढं. पहिले दोन दिवस बाई त्याला मोबाइलच समजत होत्या आणि कुणाचा फोन येत नाही म्हणून मुलावर रागावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते शाळेच्या नळाजवळ चालू केलं आणि पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटले. तीस वर्षं त्यांनी हे आकडे पृथ्वीच्या गोलावर बोट फिरवून शिकवले होते. त्या दिवशी आख्खा सातवीचा वर्ग नळाजवळ आणून त्यांनी एकेकाला त्या जागेवर उभं केलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही शिक्षकखोलीत त्यावरून त्यांना बरेच दिवस चिडवलं.

त्या यंत्राचा एक खेळ असतो, तोही मुलानेच कळवला. कुणीतरी रानात, डोंगरावर एक डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे संगणकावर जाहीर करतो. बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात वही असते, तिच्यात सही करायची. शिवाय चार वस्तू असतात. आवडली ती घ्यायची, पण बदल्यात तेवढ्याच तोलाची किंवा तिच्याहून चांगली वस्तू ठेवायची. एवढाच नियम. बाईंना खेळापेक्षा नियम आवडला. माझ्या स्कूटीवर मागे बसून, डोक्यावर छत्री धरून त्या आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाला आल्या आणि पायऱ्यांपासून लांब, एका कपारीत त्यांनी पापडाचा कडीचा स्टीलचा डबा ठेवला. त्यात होकायंत्र होतं, कोशाचा रेशमी रुमाल होता, पितळेची शिट्टी होती, लाखेची डबी होती. मी एका विमा कंपनीची किल्लीची साखळी पुढे केली. बाईंनी ती तोलली.

"हे तुले फुकट भेटलं. फुकटाचं फुकटात टाकून राहिली का?"

साखळी माझ्या पर्समध्ये परत गेली.

नवेगावच्या जंगलाला येणारे शहरी लोक वाट वाकडी करून गडावर यायचे. वर्षभरात आठ-नऊ सह्या झाल्या. इंग्रजीत लंबेचौडे अभिप्राय असत, डबा मात्र दर खेपेला गरीब होत जाई. होकायंत्र गेलं आणि हॉटेलातली साबणाची वडी आली. रुमालाच्या जागी शाई संपलेलं पेन. शिट्टीच्या बदल्यात कुणीतरी चाक तुटलेली खेळण्यातली मोटार ठेवून वर वहीत हसरा चेहरा काढला होता. बाई एकेक वस्तू पदरावर मांडून बघत. "घेताना डोये उघडे ठेवतेत, ठेवताना झाकून घेतेत," म्हणत आणि पिशवीतून नवं, चांगलं काहीतरी काढून डबा पुन्हा भरत. मी म्हणे, बाई, कशाला लोकांच्या मागे लागता, टाका दोन कंगवे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "लोकं कसे आहेत थे पाहाले नाही ठेवला मी डबा. मी कशी आहो, तेवढं पाहातो."

दोन हजार आठच्या महाशिवरात्रीनंतर आम्ही गडावर गेलो. यात्रा नुकतीच उठली होती. त्या गडावर महादेवही आहे आणि दर्गाही, आणि लोक दोन्हीकडे सारख्याच भावाने डोकं टेकवतात. त्यातल्या कुणाला तरी कपारीतला डबा दिसला असावा. उघडला तर आत डझनभर हिरव्या बांगड्या, उदबत्त्या आणि हिरव्या कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला चांदीचा पाळणा, बोटभर लांबीचा. वहीत सही नव्हती, कुंकवाची पाच बोटं होती. आणि बाईंनी ठेवलेल्या वस्तूंपैकी एकही कुणी उचलली नव्हती.

बाईंनी पाळणा तोलला. त्याचा पत्रा इतका पातळ होता की बोटाने दाबला तर चेपला असता. "नुसतं ठेवूनच गेली बिचारी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या वस्तू वेगळ्या पिशवीत बांधून डब्यातच ठेवल्या आणि वर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलं : या वस्तू नवसाच्या आहेत. अदलाबदलीच्या नाहीत.

आता माझं सांगते. माझ्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नागपूरचे डॉक्टर झाले, सासूबाईंचे उपास झाले, दोनदा राहून दोनदा गेलं. मी शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं देत होते आणि घरी येऊन दाराला कडी लावून रडत होते. त्या पावसाळ्यात बाईंचे गुडघे धरले. गडावर गेलो तेव्हा त्या खाली पायऱ्यांवर बसल्या आणि डबा पुसायला मी एकटी वर गेले. पाळणा पर्समध्ये टाकला आणि त्याच्या जागी माझ्या लग्नातला चांदीचा करंडा ठेवला. करंडा आधीपासून पर्समध्ये होता, म्हणजे मी घरून ठरवूनच निघाले होते. पाळण्याच्या चौपट वजनाचा होता तो. उतरताना मी मनाशी घोकत होते की नियमाप्रमाणे आपण वरचढच वस्तू ठेवली आहे. खाली बाईंनी विचारलं, "सगळं बराबर आहे ना?" मी म्हटलं, "आहे."

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचे खानझोडे नावाचे एक गृहस्थ डब्यापर्यंत पोचले. वहीत त्यांची सही होती आणि खाली मराठीत ओळ होती, 'काही घेतले नाही, एक भिंग ठेवले आहे.' भिंग खरोखरच उत्तम होतं. आणि त्याच महिन्यात मला दिवस गेले.

पुढच्या शिवरात्रीला बाई गुडघ्यांना पट्टे बांधून हट्टाने वर आल्या. कपारीशी एक बाई आधीच बसलेली होती, कामठ्याची. मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा होता आणि समोर डबा उघडा. नवस फळला होता. पाळणा उचलून महादेवाच्या दारात बांधायला ती आली होती आणि पाळणा नव्हता. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "बाई, आता माह्या लेकराले काही होणार तं नाही ना?"

टेंभरे बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "डबा माझा होय," त्या म्हणाल्या. "पुढच्या शिवरात्रीले येजो. तुझा पाळणा मी आणून देतो."

मी तिथेच उभी होते. पाळणा घरी कपाटात होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण पोटात चौथा महिना होता आणि मला पक्कं वाटत होतं की पाळणा हातातून सुटला की हेही सुटेल. विज्ञानाच्या पदवीधर बाईला हे वाटत होतं. त्या बाईला भीती आपल्या लेकराची, मला माझ्या. मी तिचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर परत करावं लागलं असतं.

बाईंनी करंडा तळव्यांवर घेतला. "जड आहे. पण कधी वापरला नाही कोणी. कोणाच्या तरी लग्नातला पडून राहिलेला दिसते."  त्यांनी वही उघडली, शेवटची, खानझोडेंची सही पाहिली आणि म्हणाल्या, "बायकोचा उचलून आणलन असंल. आन् न विचारताच लिहून ठेवते, काही घेतलं नाही म्हणून."

बाईंना टंकलेखन येत नव्हतं. शाळेच्या संगणकावर त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले : तुम्ही शिकलेले दिसता, पिशवीवरची सूचना वाचता येत असावी, एका गरीब बाईचा नवस नेताना हात कसा थरथरला नाही? एवढं तरी गाळू या, मी म्हटलं. "कायले गाळाचं? लिही," बाई म्हणाल्या. मी लिहिलं, खाली शाळेचा पत्ता घातला आणि त्या खेळाच्या संकेतस्थळावरून खानझोडेंना माझ्याच हाताने पाठवलं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पुडकं आलं. आत चांदीचा नवा पाळणा, जाडजूड, साखळीसकट, आणि चिठ्ठी, 'बाई, मी नेला नाही. पण त्या माउलीची अडचण कळली. हा तिला द्यावा.' त्या खेळात आजवर कुणी ठेवलेली ही सगळ्यात चांगली वस्तू होती, तीही बदल्यात काही न घेता. बाईंनी ती पारखली आणि टेबलावर ठेवली. "पाह्य, मंजू. चोराच्या मनात चांदणं. नेला नसता तं भरपाई कायले केली असती?" माणूस ओळखण्यात बाई अशा कधी चुकल्या नव्हत्या. त्या चुकल्या, कारण खरं सांगू शकणारी एकटी मी समोर बसून मान हलवत होते.

कामठ्याची बाई सांगितल्याप्रमाणे पुढच्या शिवरात्रीला आली. माझ्या कडेवर तेव्हा सहा महिन्यांची मुलगी होती. बाईंनी नवा पाळणा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहून परत केला. "हा माहा नोहोय, बाई. माहा हलका होता. माह्या पायातल्या जोडव्याचा घडवला होता." तिच्या पायांत जोडवी नव्हती. मग तिने माझ्या मुलीच्या गालाला हात लावला आणि मला विचारलं, "तुमालेबी नवसाचीच का?"

मी हो म्हटलं.

तो पाळणा बाईंनी महादेवाच्या दारात बांधला आणि डबा घरी आणला. पुन्हा तो गडावर गेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी लोकायले वाट दाखवली, त्याईनं तिच्या नवसाले हात घातला. आता पुरे." यंत्र त्यांनी शाळेला देऊन टाकलं. निवृत्तीनंतर मुलाने खूप बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. माझ्या मुलीला मात्र अंगाखांद्यावर वाढवलं त्यांनी. ती त्यांनाच आजी म्हणायची आणि मला ते सोसायचं नाही.

दोन हजार तेराला त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मूत्रपिंडं थकली होती. मुलगा विमानात होता, उशाशी मी होते. दुपारची वेळ होती, त्या शुद्धीवर होत्या आणि बोलायच्या मनःस्थितीत होत्या.

"त्या नागपूरवाल्याले मी लय टोचून लिहिलं, मंजू. तेवढं मले खाऊन राहिलं."

"जाऊ द्या ना बाई आता."

"चोर नसंल तो. घरी लेकरू नसंल त्याच्या. बायको रडत असंल. पाळणा दिसला आन् हात गेला असंल. माणसाच्या हातून होते." त्यांना धाप लागली. मी पाणी पाजलं. "वाईट नसंल तो. मी माफ केलं म्हून त्याले लिहिजो."

मुलगी तेव्हा चार वर्षांची झाली होती, भीतीचं काही कारण उरलं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी माझा हात धरून ठेवला होता. मी म्हटलं, "लिहिते, बाई."

आठव्या दिवशी त्या गेल्या. खानझोडेंचा पत्ता त्या पुडक्याच्या कागदावर आहे आणि तो कागद माझ्याकडे आहे. कितीदा तरी लिहायला बसते आणि 'बाईंनी तुम्हाला माफ केलं' एवढ्यावर येऊन थांबते.