अक्काचा सुटलेला हात

सकाळी निलंग्याहून दाजींचा फोन आला. "अक्का गेली गं... चहा ठेवते म्हणून उठली, अन् तिथंच बसली." नांदेडहून निघालेल्या एसटीत मी तिचा चेहरा आठवत होते आणि दर वेळी ग्राहक आयोगासमोर उभी राहिलेली अक्काच डोळ्यांपुढे येत होती.

अक्का माझी थोरली बहीण, निलंग्याच्या शाळेत शिक्षिका. जुन्या साडीच्या पिशव्या शिवणारी, बसस्टँडवर चहासुद्धा न घेणारी बाई. चाळिशीत तिला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीआडून कुणीतरी नाव घेतंय, म्हणायची. लातूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि आवाज थांबले. अक्का पुन्हा वर्गावर जाऊ लागली. आम्ही त्या गोळीला हात जोडले.

पण पुढे तिचा हात सुटला. आधी साड्या, मग डिनर सेट, मग मोबाइलवरून मागवलेली खोकी... न उघडताच पलंगाखाली सरकवलेली. कंधारला एका लग्नात ती मांडवातून उठून बाजारात गेली आणि दुकानात होत्या तेवढ्या छत्र्या घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, "घेतल्याबिगर जीव थाऱ्यावर येत न्हाई गं." शेवटी लेकीसाठी, पल्लवीसाठी जपलेली आमच्या आईची बोरमाळ तिनं विकली. लातूरला नोकरी करणाऱ्या पल्लवीनं आईशी बोलणंच टाकलं.

मग एका नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "या गोळीनं काही जणांना अशी ओढ लागते. आपण बदलू या." गोळी बदलली आणि ओढ हळूहळू ओसरली. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर अक्का नुसती रडत होती. "म्हंजे मी लोभी न्हाई..." एवढंच पुन्हा पुन्हा.

तिनं ग्राहक आयोगात औषध कंपनीविरुद्ध तक्रार केली. दाजी म्हणाले, "गावभर होईल." ती म्हणाली, "माझं गावभर झालंच हाय. हे बी होऊ द्या."

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुमचा आजारच मनाचा. खरेदीही त्यातलीच नसेल कशावरून?" अक्का शांतपणे म्हणाली, "साहेब, आजारात आवाज यायचे. गोळीनं ते गेले, ते उपकार मी विसरले न्हाई. पण हात सुटला तो गोळीनंतर. आधी सांगितलं असतं, तर घरच्यांनी मला धरून ठेवलं असतं." लातूरचे जुने डॉक्टरही साक्षीला आले होते. म्हणाले, "मलाही कंपनीनं हे कधी सांगितलं नव्हतं." मागच्या बाकावर पल्लवी पदराआड डोळे पुसत होती.

ही गोष्ट रुग्णाला सांगायलाच हवी होती, असा निकाल लागला. कंपनी वर अपिलात गेली, ते अजून चालूच आहे. अक्काला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पल्लवी पुन्हा घरी येऊ लागली होती... दर रविवारी पायरीवर बसून आईकडून केसांना तेल लावून घ्यायची.

अक्का गेल्यानंतरच्या रविवारीही ती सवयीनं केस सोडून पायरीवर बसली आणि मग सोडलेले केस पुन्हा मुठीत गोळा करू लागली. मी उठणार, तेवढ्यात दाजी वाटीत तेल घेऊन बाहेर आले. जन्मात कुणाची वेणी न घातलेला माणूस लेकीच्या मागे बसला, त्यानं तेलात बोटं बुडवली.

"तुझी आई आधी टाळूवर घालायची का गं?"

पल्लवीनं मान डोलावली.