अण्णाच्या चष्म्याच्या काचा

आमच्या घरात बारसं असो की बारावं, जेवणं आटोपली की मला मधे बसवतात. सांग रे काहीतरी. मी सांगतो. नकला करतो, आवाज काढतो, पोट हलवत सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतो. पण एक गोष्ट मी अजून कोणाच्याही कानावर घातलेली नाही — बायकोच्याही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळख झाली तर ही गोष्ट परत तोंडातून निघायची नाही.

चिकपेटेत आमचं शिंप्याचं दुकान आहे. आमचे पूर्वज कुठल्या तरी फौजेबरोबर बेंगळुरात आले म्हणतात. फौज पुढे गेली, आणि आम्ही बहुधा कोणाचा तरी उसवलेला अंगरखा शिवत मागे राहिलो. तेव्हापासून घरात एक नियम आहे — कात्री थोरल्याची. थोरला बेतणार, धाकटा शिवणार. थोरला म्हणजे माझा भाऊ, अण्णा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला सेहेचाळिसावं लागलं, केस गेले, दोन मुली झाल्या, तरी मी धाकटाच. मशीनवर.

अण्णाचा हात चालायचा. कापडावर सुरेख चालायचा, माणसांवर त्याहून जोरात. वडिलांचाही तसाच चालायचा. आमच्या घरात प्रेम, राग, शिस्त, सगळं थोबाडीत देऊनच कळवायची पद्धत. मी ती लहानपणापासून खात आलो. मग एवढी वर्षं सोसल्यावर मला एकाएकी काय झालं?

झालं ते एवढंच. अण्णा जेवायला घरी गेला होता. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी कात्री उचलली आणि पँट बेतली. एक इंच आखूड. अण्णा आला, कापड पाहिलं, लाकडी गजपट्टी उचलली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा नाही. गाल फुटला. "कात्रीला हात लावतो? तुझी लायकी काज करायची, हलकटा!" गिऱ्हाईक "सरी अण्णा, सरी, बिडी" — असू दे, सोडा — म्हणत मागे सरकलं. त्या वेळी माझी थोरली लेक कॉलेजमधून घरी जाऊन माझा डबा घेऊन आली होती. मान खाली घालून फरशीकडे बघत राहिली.

मार मी विसरलो असतो. तिची ती खाली घातलेली मान — ती नाही विसरलो.

चार दिवसांनी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात — कात्री, गजपट्टी, इस्त्री, मशीनच्या सुया. आणि त्यांच्या शेजारी अण्णाचा चष्मा, कारण बेतणाऱ्याचा चष्मा हेही हत्यारच. घासायचं काम धाकट्याचं. दुपारी दुकानात मी एकटा होतो. उंबऱ्यापाशी वैनीनं रांगोळीचा डबा ठेवला होता. आता सांगतो — ऐका — मी रांगोळीची चिमूट त्या काचांवर टाकली आणि अंगठ्यानं घासली. कर्र. कर्र. दात आवळून घासली. माझ्या लेखी त्या काचा नव्हत्याच, त्याचे डोळे होते. खोटं कशाला बोलू — मला इतकं बरं आयुष्यात क्वचित वाटलं होतं. मग धुतला, पुसला, दांडीला हळदकुंकू लावलं, पाटावर ठेवला. अण्णानं नमस्कार केला. मीही केला.

रांगोळी म्हणजे दगडाची पूड. चष्म्याच्या हलक्या, प्लास्टिकच्या काचांवर तिचे ओरखडे केसासारखे बारीक उठतात. लांबून काच फक्त मळकट दिसते. तुम्ही म्हणाल, घालणाऱ्याला कळणार नाही का? नाही कळत. काच नाकावर असली की तिच्यावरचा ओरखडा डोळ्याला दिसत नाही, फक्त जग पुसट होतं. आणि अण्णानं चष्मा काढून हातात घेतला, तर त्याला हातातलं काहीच दिसत नसे. वैनी रोज पदरानं काचा पुसायची. "अय्यो, ह्या स्वच्छच का होत नाहीत?" म्हणायची. मी म्हणालो, "मशीनचं तेल आहे ते वैनी. जात नाही लवकर."

एकदा तो चष्मा मी स्वतः लावून पाहिला. ट्यूबलाइटभोवती केसाळ चक्र उठलं. काळ्या कापडावरची खडूची रेघ पसरून बोटभर रुंद झाली. डोळा रेघ धरायला जातो, रेघ निसटते, डोळा पुन्हा जातो — पाच मिनिटांत भुवयांमध्ये ठणका लागला. अण्णा दिवसाचे दहा तास त्यातून बघत होता. डोळ्यांतून पाणी गळायचं, मान वाकडी करून बेतायचा, संध्याकाळी कपाळाला ओला पंचा बांधून बसायचा.

डॉक्टरकडे का गेला नाही? इथंच माझी खरी लबाडी आहे. आमचे बाबा साखरेनं आंधळे झाले, नेमके अण्णाच्या वयात. शेवटची वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून शिव्या देत काढली. अण्णाला वाटलं, आपलीही पाळी आली. डॉक्टर तेच सांगणार, म्हणून तो गेलाच नाही. एकदा दुकानात कोणी नसताना मला म्हणाला, "बाबांसारखंच होतंय रे. सगळीकडे धुकं. कोणाला सांगू नको." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला काही विश्वासानं सांगितलं. आणि मी? मी मान हलवली. वाईट वाटल्याचं तोंड केलं. नकला मला चांगल्या जमतात.

रागाच्या भरात एकदा घासलं, हे तुम्ही समजून घ्याल. पण मी तीन वेळा घासलं. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, तो आंघोळीला गेला असताना. तिसऱ्यांदा कधी ते आठवतही नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं. तेव्हा राग नव्हता. तेव्हा काय होतं?

ज्याला दिसत नाही तो घाबरतो, आणि आमच्या घरात घाबरलेला माणूस मारतो. अण्णानं इस्त्री भिंतीवर फेकली, गिलावा उडाला. एका गिऱ्हाइकाची कॉलर धरली. एका सकाळी भाजीत मीठ नाही म्हणून ताट भिरकावलं, ते वैनीच्या कपाळाला लागलं. तीन टाके. तिला रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेलं. सगळी वाट ती माझ्या रुमालानं रक्त दाबत म्हणत होती, "ते असे नव्हते हो, एवढे नव्हते." रुमाल भिजला, मनगटावरून रक्त ओघळायला लागलं. तेव्हा तरी बोलायचं. मी रिक्षावाल्याला "स्वल्प बेगा होगी" म्हणालो — जरा लवकर चला, एवढंच.

मग तो दिवस. लग्नाचा काळा सूट, भारी कापड. अण्णानं बेतलं आणि कात्री रेघ सोडून छातीच्या भागात घुसली. कापड गेलं. नवरदेवाचा मामा समोर उभा होता. आणि मी — गजपट्टीचा वळ ज्या गालावर उठला होता तो गाल चोळत — हसलो. म्हणालो, "दिसत नसेल तर घरी बैस की अण्णा. बाबांची खुर्ची रिकामीच आहे."

तो कात्रीसकट माझ्यावर आला. मामा दुकानाच्या पायऱ्या उतरून पळाला. मग आम्ही दोघे पोट सुटलेले बाप्ये चिंध्यांमध्ये लोळलो, एकमेकांच्या बनियनी फाडल्या, चावलोसुद्धा. त्याचा कोपर माझ्या दातांवर बसला, एक दात पडला. मी गुडघा त्याच्या पोटात घातला आणि दोन्ही हातांनी ढकललं. सगळ्या ताकदीनं ढकललं. तो टेबलाच्या कडेवर आपटला, कात्री उलटी फिरली आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आरपार गेली. तो हाताकडे बघत राहिला, जणू तो हातही त्याला धड दिसत नव्हता. चष्मा माझ्या पायाशी पडला होता. धावपळीत माझा पाय त्यावर पडला, असं सगळे समजतात. मी खाली बघून, नेम धरून टाच ठेवली. आणि फिरवली. त्याचं रक्त फरशीवर सांडत असताना मला आधी ते सुचलं.

अंगठ्याची शीर तुटली होती. शिवली, पण अंगठा वाकत नाही. त्या हातात कात्री राहत नाही.

जुन्या नंबराच्या चिठ्ठीवरून मीच नवा चष्मा करून आणला. अण्णानं घातला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, वैनीकडे बघितलं — तिच्या कपाळावरच्या खुणेकडे बराच वेळ बघितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. साखरही नाही. घरी आल्यावर त्यानं सगळ्यांना बोलावलं — बायका, मुली, सगळ्यांना. म्हणाला, "डोळ्यांना काही झालेलं नाही. धुकं माझ्या डोक्यात होतं. रागानं आंधळा झालो होतो मी." वैनीपुढे हात जोडले. मग माझ्याकडे वळला. पट्टी बांधलेला हात माझ्या खांद्यावर ठेवायला गेला, ठेवता येईना, तसाच अधांतरी धरून म्हणाला, "सख्ख्या भावावर कात्री उगारली रे मी. माफ करशील?"

मी आता बेततो. माझा हात त्याच्यासारखा नाही, पण चालतो. अण्णानं त्या दिवसापासून कोणावर हात उचललेला नाही, आवाजही चढवलेला नाही. गल्ल्याजवळ बसून तो डाव्या हातानं बटणं निवडतो. ओळखीचं कोणी आलं की वाकडा अंगठा पुढे करून स्वतःच सांगतो — हे माझ्या रागाचं फळ, धाकट्यानं मोठ्या मनानं पोटात घातलं.

घातलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला जवळ घेतलं आणि म्हणालो, "जाऊ दे अण्णा. मी तुला माफ केलं." माझी लेक तिथं उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.