रिकाम्या प्लॉटवरची वार्षिक सभा

अ‍ॅडव्होकेट भास्करराव शेजवळ साहेबांची आणि माझी पहिली भेट आमच्या इमारतीच्या जिन्यात झाली. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या इमारतीचे पिलर तडकले होते आणि मी सोसायटीचा नवा, हौशी सेक्रेटरी होतो. वकीलपत्र घेण्याआधी साहेबांनी तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दार वाजवलं. "केस कमिटीची असली तरी घरं या लोकांची आहेत," ते म्हणाले.

अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या सोसायट्यांसाठी साहेबांनी काय केलं, ते त्यांच्या या गौरवग्रंथात जाणकार मंडळी सांगतीलच. मी आमच्यापुरतं सांगतो. कमिटीचा वकील सभासदांना सहसा आवडत नाही. आमच्याकडेही साहेब आवडले नव्हते.

इमारत धोकादायक ठरली, पुनर्विकासाला बिल्डर नेमला, तेव्हा सगळे निघाले, पण दुसऱ्या मजल्यावरच्या मोहिनीबाई हटेनात. सिंधी बाई, नवरा गेलेला, मुलगी सासरी. त्यांना बाहेर काढण्याचा अर्ज कमिटीच्या वतीने साहेबांनीच केला आणि ते जिंकले. कोर्टाबाहेर बाईंनी त्यांना अडवलं.

"वकीलसाब, इतनाच बोलो. मैं वापस आएगी ना?"

हो म्हणून टाका, असं आम्ही मागून खुणावत होतो. साहेब म्हणाले, "बिल्डरने लिखकर दिया है, लेकिन उसका भरोसा मैं नहीं दे सकता. मेरे से जितना होगा, करूँगा."

मला त्यांचा फार राग आला होता. पुढे कळलं, त्या दिवशी बाईंशी खरं बोलणारे ते एकटेच होते.

इमारत पाडली, नवी उभी राहिलीच नाही. बिल्डर आणि मूळ जमीनमालकाची जुंपली, आणि आम्ही मिळेल तिथे भाड्याने पांगलो. साहेबांनी बजावलं, "इमारत गेली, सोसायटी गेलेली नाही. सभा घ्यायच्या सोडल्या तर नोंदणी जाईल. मग या जमिनीवर हक्क सांगायला उरणार कोण?"

तेव्हापासून दरवर्षी आम्ही प्लॉटवरची झुडपं तोडतो, सतरंजी अंथरतो आणि वार्षिक सभा भरवतो. गणसंख्या काही भरत नाही. मग नियमाप्रमाणे सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने आहेत तेवढ्यांत घेतली जाते. एकदा मी म्हटलं, "साहेब, कोण बघतंय? अर्धा तास झाला असं लिहून टाकू."

साहेब भडकले. "समोरचा वकील बघेल! आणि कोणी उशिरा येत असेल, तर त्याने काय करायचं?"

मोहिनीबाई बदलापूरच्या कात्रपहून न चुकता यायच्या. त्या अर्ध्या तासात मोकळ्या आभाळाकडे बोट करून सांगायच्या, "वो देखो, उधर मेरा किचन था." साहेब खरोखर मान वर करून बघायचे.

बाई भाड्याच्या खोलीतच गेल्या. साहेब स्मशानात आले. पुढे फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट मुलीच्या नावावर करून ते तिच्या हातात देऊन आले. कागदाखेरीज त्या घराचं आता काही शिल्लक नाही.

साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. नजर अधू झाली आहे, प्लॉटवर त्यांना हात धरून न्यावं लागतं. जमिनीची केस अजून पहिल्याच कोर्टात आहे. आमची घरं उभी राहीपर्यंत साहेबांना आयुष्य लाभो, असं लिहिणार होतो. पण पडणाऱ्या तारखा बघता एवढं आयुष्य माणसासाठी मागायला जीभ रेटत नाही. त्यांची तब्येत चांगली राहो आणि पुढच्या सभेला ते आमच्यात असोत, एवढंच मागतो. त्यानंतर पुन्हा पुढच्या सभेसाठी मागू.