ताटांशिवाय नाताळ

माझगावच्या त्या चाळीत साळव्यांचं एकच बिऱ्हाड ख्रिस्ती. रूथबाई परळच्या एका इस्पितळात नर्स, नवरा जगदीश गोदीत फिटर, सासूबाई शेवंतीबाई घरी, आणि मुलगी मृणालिनी मॅट्रिकला. डिसेंबर लागला की या घरात भाजलेल्या रव्याचा वास सुटायचा, तो नाताळ उलटेपर्यंत हटायचा नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, बेकरीत भाजून आणायचा केक. शिवाय भिंतींना चुना, नगरहून येणारे पाहुणे, आणि गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मंडळींचं जेवण. हे सगळं होता होता चाळीतल्या प्रत्येक खोलीत फराळाचं झाकलेलं ताट जायचं.

ताटांवर शेवंतीबाईंचा जीव होता. त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नळावर त्यांची कळशी वेगळी ठेवावी लागे. त्यांच्या हातचं कुणी घेत नसे. एका नाताळात शेजारच्या गंगुबाईंनी, रडणारं पोर गप्प व्हावं म्हणून, त्यांच्या हातची करंजी घेतली. अर्धी पोराला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. पुढच्या वर्षी शेवंतीबाईंनी त्यांच्याकडे ताट धाडलं. मग आणखी एका घरी, मग अख्ख्या चाळीत. सून आल्यावर तळण सुनेकडे गेलं, पण ताटं भरायला त्या स्वतः बसत.

पंचावन्न सालचा नोव्हेंबर वाईट गेला. फाउंटनला गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातली माणसं जखमी होऊन आली. रूथबाईंच्या वॉर्डात खाटा पुरेनात, जमिनीवर गाद्या पडल्या, नर्सांच्या रजा बंद झाल्या. घरी आल्यावर त्या जिन्याच्या खालच्या पायरीवरच जरा बसायच्या. वर गेलं की कुणीतरी काहीतरी मागणार, एवढंच डोक्यात असे.

नाताळाआधीच्या रविवारी उपासनेहून आल्यावर शेवंतीबाईंनी पीठ भिजवलं, सारणाचं पातेलं पुढ्यात ओढलं. रूथबाई पोळपाटाशी बसल्या. थोड्या पुऱ्या लाटल्या आणि हात थांबला. पुढे उचलेचना. त्या उठल्या, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून चटईवर आडव्या झाल्या.

"काय गं, ताप आहे का?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"नाही आई. पण मला या वर्षी नाही जमायचं."

"आज नको तर उद्या कर. मृणाल लाटेल थोड्या."

"तिची परीक्षा तोंडावर आहे. आणि मला उद्याही नाही जमायचं."

"ताटं गेली नाहीत तर लोक काय समजतील? साळव्यांना आता आपली गरज उरली नाही, असंच ना?"

"आपण लोकांनाच बोलवू. चहा देऊ, बेकरीतले शंकरपाळे देऊ. बसतील, बोलतील."

"आणि नाही आले तर?"

रूथबाईंनी चादर अंगावर ओढून घेतली.

जगदीश दारात उभा राहून हे ऐकत होता. हलक्या आवाजात म्हणाला, "आई दुखावेल गं. एवढ्या वर्षांचं आहे."

"मग तुम्ही तळा."

तो खरंच स्टोव्हपुढे बसला. तेल धुरकटलं, पहिल्याच घाण्याच्या करंज्या फुटल्या आणि सारण कढईत काळं झालं. त्यानं मुकाट्यानं स्टोव्ह बंद केला, कढई उतरवली. संध्याकाळी तो देवळाच्या पाळकांकडे जाऊन, यंदा मंडळींना जेवण घालणं होणार नाही, असं सांगून आला. नगरच्या पाहुण्यांनाही त्यानंच कळवलं. रूथबाईंनी त्याला यातलं काही करायला सांगितलं नव्हतं.

शेवंतीबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या. मग एका दुपारी डोक्यावर पदर घेऊन त्या गंगुबाईंकडे गेल्या. रूथबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. शेजारचं दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. शेवंतीबाई अडखळत म्हणाल्या, "गंगू, यंदा ताट येणार नाही."

"तुझा ताट इला नाय म्हणान मी तुका इसरतलंय काय?" गंगुबाई म्हणाल्या. मग शेवंतीबाईंना जवळ बसवून, "खरा सांगू? तुझा ताट इला काय ता रिकामा कसा परत धाडूचा? मगे माझी सून चुलीपुढे बसता. ती पण गिरणीत राबान येता."

शेवंतीबाई परत आल्या आणि खिडकीशी बसल्या.

"एवढी वर्षं मला कुणी बोललं नाही," त्या म्हणाल्या.

"मीही कधी बोलले नाही, आई."

रूथबाईंनी चहा करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो घेतला.

नाताळच्या दिवशी देवळातून आल्यावर साळव्यांनी दार सताड उघडं ठेवलं. गंगुबाई सुनेला घेऊन आल्या, दोघी रिकाम्या हातानं. त्यांच्यामागून आणखी काही घरं आली. शंकरपाळे संपले तेव्हा मृणालिनीनं पाव आणून चहाबरोबर दिला, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गॅलरीच्या टोकाच्या कालिंदीबाई मात्र आल्या नाहीत. शेवंतीबाई मधून मधून तिकडे बघत होत्या.

"आजी, मी बोलावून आणू का त्यांना?" मृणालिनीनं विचारलं.

"नको. निरोप गेलाय. यायचं तर येतील."

बोलणी चालू असतानाच रूथबाई भिंतीला टेकल्या टेकल्या झोपी गेल्या. गंगुबाईंनी आवाज खाली आणला, तशी सगळीच हळू बोलू लागली. संध्याकाळच्या ड्यूटीसाठी जगदीशनं त्यांना हलवून उठवलं, तेव्हा लोक निघून गेले होते आणि मृणालिनी कपबशा विसळत होती.

जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या, या वेळी परळ-लालबागेतही. वॉर्डातल्या गाद्या पुन्हा जमिनीवर आल्या. रूथबाई पुन्हा जिन्यात बसू लागल्या.

त्यानंतरचे सगळे नाताळ चहा-शंकरपाळ्यांवरच झाले. कालिंदीबाई नळावर बोलायच्या, पण साळव्यांच्या घरी कधी आल्या नाहीत. शेवंतीबाईंच्या मनातून ते गेलं नाही. "ताटापायी एक घर तुटलं," असं त्या दर डिसेंबरात एकदा तरी म्हणायच्या. रूथबाई ते ऐकून घ्यायच्या. तळणाला मात्र त्या पुन्हा बसल्या नाहीत.